कर्नलचं कॉन्फिग ठेवायचं कुठे? नव्याने शिकणाऱ्यांसाठी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या छोट्या कारखान्यात विजेच्या मीटरचं रीडिंग गोळा करणारा एक डबा बनतो. आत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि यूएसबीवरून आरएस-४८५ (मीटरशी तारेने बोलण्याची पद्धत) करून देणारा एक कन्व्हर्टर. वाघोडियाच्या एका ग्राहकाकडे असे काही डबे बसवले होते. सुरक्षेच्या एका दुरुस्तीसाठी आम्ही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्याने बिल्ड करून पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला, "बेन, डेटा आवतो नथी." म्हणजे, डेटा येत नाहीये. डबा चालू होता, नेटवर्क चालू होतं. फक्त कन्व्हर्टरचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये नव्हता. जुन्या कर्नलचं कॉन्फिग, म्हणजे त्यात काय घ्यायचं आणि काय नाही हे सांगणारी फाइल, एकाच लॅपटॉपवर होतं, आणि तो लॅपटॉप मीच फॉरमॅट करायला दिला होता.

मग एक जुना डबा मागवला. त्यातला मॉड्यूल्सचा फोल्डर आणि 'मॉड्यूल्स डॉट बिल्टइन' ही फाइल वाचून कोणकोणते ड्रायव्हर होते याची यादी हाताने तयार केली. त्यात दोन दिवस गेले. शिवाय त्या यादीत ड्रायव्हरांचीच नावं मिळतात; टायमर किती वेगाने चालतो, मेमरीचं कोणतं धोरण निवडलं होतं, हे त्यातून कळत नाही. ते सगळं अंदाजाने भरावं लागलं.

दरवर्षी आमच्याकडे इंटर्नशिपला मुलं-मुली येतात. कर्नल बिल्ड करणं त्यांना आठवडाभरात जमतं, पण बिल्ड झालेल्या कर्नलचं कॉन्फिग कुठे ठेवायचं हा प्रश्न कुणी शिकवलेला नसतो. म्हणून हा लेख. कमांड, फायली आणि ऑप्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पायरी १: यादी वेगळी, बिल वेगळं

महिन्याचं सामान भरताना आपण वाण्याला यादी देतो आणि सामानाबरोबर बिल येतं. यादीत आपल्याला काय हवं ते असतं, बिलात खरोखर काय आलं ते. यादीत 'डाळ' लिहिलेलं असतं. कोणती डाळ, किती रुपये किलो, हे बिलात कळतं. कर्नलच्या कॉन्फिगचं तंतोतंत असंच आहे.

'मेक मेनूकॉन्फिग' (ऑप्शन निवडायचा मेनू) चालवून सेव्ह केलंत की 'डॉट-कॉन्फिग' नावाची फाइल तयार होते. ती बिल आहे. तिच्यात हजारो ओळी असतात आणि त्यातल्या बहुतेक तुम्ही निवडलेल्याच नसतात. एक ऑप्शन घेतला म्हणून दुसरा आपोआप आला, एखाद्याची किंमत ठरलेल्या डिफॉल्टने भरली गेली, कंपायलरची आवृत्तीसुद्धा तिथेच नोंदली गेली. फाइलच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की ही आपोआप बनलेली फाइल आहे, हाताने बदलू नका.

यादी म्हणजे तुम्ही मुद्दाम घेतलेले निर्णय. ती दोन प्रकारांनी लिहितात. पहिला प्रकार डेफकॉन्फिग: 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' चालवलं की डिफॉल्टपेक्षा वेगळ्या असलेल्या ओळीच तेवढ्या उरतात. दुसरा प्रकार फ्रॅगमेंट, म्हणजे एका कामापुरता तुकडा. आमच्या कन्व्हर्टरचा तुकडा असा आहे:

कॉन्फिग_यूएसबी_सिरियल=वाय
कॉन्फिग_यूएसबी_सिरियल_एफटीडीआय_एसआयओ=वाय
# कॉन्फिग_यूएसबी_सिरियल_कन्सोल इज नॉट सेट

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. ती हॅशने सुरू होते म्हणून नवखा माणूस तिला शेरा समजतो आणि फाइल 'स्वच्छ' करताना पुसून टाकतो. ती शेरा नाही. 'हे मला नको' असं सांगण्याची कर्नलची ती ठरलेली पद्धत आहे. पुसलीत तर तो ऑप्शन डिफॉल्टवर जाईल, आणि डिफॉल्ट 'हो' असेल तर नको असलेली गोष्ट परत येईल.

आता यादी आणि बिल दोन्ही ठेवायचं, पण एका जागी नाही. यादी माणूस बदलतो, म्हणून ती जिथे माणसं काम करतात तिथे, गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात). बिल कुणी बदलायचं नसतं, म्हणून ते मालाबरोबर, म्हणजे त्या-त्या रिलीजबरोबर. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

बिल आहे तर यादी कशाला, असं इंटर्न विचारतात. उलटंही विचारतात. नुसतं बिल ठेवलंत तर वर्षभराने त्या हजारो ओळींतल्या कोणत्या सात तुम्ही मुद्दाम लिहिल्या होत्या हे कळणार नाही. नुसती यादी ठेवलीत तर वेगळा धोका आहे: डेफकॉन्फिगमध्ये डिफॉल्टच्या ओळी नसतात, आणि कर्नलच्या पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट बदललं तर तुमची यादी तीच राहून कर्नल मात्र बदलतो.

पायरी २: आधी जिथे ठेवायचं नाही ती जागा

सोर्सच्या फोल्डरात पडलेली डॉट-कॉन्फिग ही साठवण नव्हे. कर्नलच्या गिटमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फायली दुर्लक्षित करण्याचा नियम आहे, त्यामुळे 'गिट स्टेटस'मध्ये ती दिसत नाही आणि 'गिट अ‍ॅड'ने सगळं घेतलंत तरी ती येत नाही. आपण सगळं कमिट केलं असं वाटतं आणि नेमकी तीच बाहेर राहते.

हाच सापळा आणखी एका ठिकाणी आहे. सोर्समध्ये एकदा बिल्ड केलंत आणि नंतर 'ओ=' देऊन वेगळ्या फोल्डरात बिल्ड करायला गेलात, की कर्नल म्हणतो, सोर्स स्वच्छ नाही, 'मेक एमआरप्रॉपर' चालवा. नवखा माणूस आज्ञाधारकपणे ते चालवतो. 'मेक क्लीन' कॉन्फिगला हात लावत नाही. एमआरप्रॉपर डॉट-कॉन्फिग पुसतं आणि तिची जुनी प्रत, डॉट-कॉन्फिग-डॉट-ओल्ड, तीही पुसतं. सूचना पाळल्यामुळे फाइल गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या दिवसापासून 'ओ=' वापरून बाहेरच्या फोल्डरात बिल्ड करायची सवय लावा, म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

'इन्क्लूड/कॉन्फिग' आणि 'इन्क्लूड/जनरेटेड' या फोल्डरांतल्या फायली जपण्याची गरज नाही. त्या डॉट-कॉन्फिगवरूनच पुन्हा बनतात.

पायरी ३: कर्नल कुणाचा, हे विचारा

यादीची जागा ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: या कर्नलच्या सोर्सची गिट रेपॉझिटरी तुम्ही सांभाळता का? तुम्हाला त्यात कमिट करता येतं का, आणि नवी आवृत्ती आली की ती ओढून घेऊन जुळवण्याचं काम तुमचं आहे का?

उत्तर 'नाही' असेल, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा किंवा यॉक्टोचा (अशा डब्यांसाठी अख्खं लिनक्स बिल्ड करून देणाऱ्या प्रकल्पाचा) तयार कर्नल घेऊन त्यात चार ऑप्शन आणि एखाददुसरा पॅच, म्हणजे सोर्समधला छोटा बदल, लावायचा असेल, तर यादी कर्नलबाहेर, तुमच्या स्वतःच्या बिल्डच्या फोल्डरात ठेवा. मकरपुऱ्यातल्या बहुतेक छोट्या कारखान्यांची स्थिती हीच आहे, आमचीही. चार ओळींसाठी अख्ख्या कर्नलची प्रत पोसायला घेऊ नका. ती एकदा घेतलीत की पुढची प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती तिच्यात आणणं तुमच्या गळ्यात पडतं.

उत्तर 'हो' असेल तर दोन रस्ते आहेत. डेफकॉन्फिग कर्नलच्याच झाडात (सोर्सच्या फोल्डरांच्या पसाऱ्यात), 'आर्च/एआरएम/कॉन्फिग्ज' सारख्या फोल्डरात ठेवता येते. फायदा मोठा आहे: जुनी कमिट चेकआउट केली की त्या काळचं कॉन्फिग तिच्याबरोबरच येतं, त्यामुळे 'गिट बायसेक्ट'ने बिघाड शोधताना हाल होत नाहीत. पण झाडात फायली ठेवण्याची एक मर्यादा लिनक्सच्या स्वतःच्या इतिहासात दिसते. एआरएमच्या प्रत्येक बोर्डाची एक अशा भल्यामोठ्या डेफकॉन्फिग फायली मुख्य झाडात साठत गेल्या, आणि २०१० मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षीच्या २.६.३६ आवृत्तीत सेव्हडेफकॉन्फिग आलं आणि त्या फायली छाटून लहान झाल्या. तेव्हा झाडात ठेवायचीच असेल तर छाटलेली ठेवा, बिल ठेवू नका. दुसरा रस्ता म्हणजे यादीसाठी वेगळी रेपॉझिटरी. तो पायरी ५ मध्ये बघू.

यॉक्टो वापरत नसाल, त्याच कामाचं बिल्डरूट हे साधन वापरत असाल, तर प्रश्न सोपा आहे. 'बीआर२-एक्स्टर्नल' नावाची सोय वापरून तुमचा वेगळा फोल्डर करा, त्यात 'बोर्ड/कंपनी/बोर्डाचं नाव' असा रस्ता बनवा, कर्नलचं कॉन्फिग आणि फ्रॅगमेंट तिथे ठेवा. 'मेक लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग' मेनूकॉन्फिगमधले बदल परत त्या फाइलीत लिहून देतं. नुसत्या मेकवर काम करत असाल तर फ्रॅगमेंट तुमच्या गिटमध्ये ठेवून कर्नलबरोबर येणारी 'मर्ज_कॉन्फिग' स्क्रिप्ट वापरा. ती फायली ज्या क्रमाने द्याल त्या क्रमाने एकावर एक चढवते आणि शेवटची जिंकते. म्हणून तो क्रमही कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. डोक्यात ठेवलेला क्रम माणसाबरोबर नोकरी सोडून जातो.

पायरी ४: यॉक्टोत, रेसिपीच्या शेजारी

यॉक्टोमध्ये कॉन्फिगचे तुकडे, पॅच आणि त्यांना जोडणाऱ्या वर्णनाच्या फायली या सगळ्याला मिळून कर्नल मेटाडेटा म्हणतात. लेअर म्हणजे तुमच्या बदलांचा वेगळा फोल्डर, आणि रेसिपी म्हणजे एखादी गोष्ट कशी बिल्ड करायची ते सांगणारी फाइल. नवख्या माणसाने तो मेटाडेटा आपल्या लेअरमध्ये, रेसिपीच्या शेजारी ठेवावा असं मी ठामपणे सांगते.

लेअरमध्ये 'रेसिपीज-कर्नल/लिनक्स' असा फोल्डर करा. त्यात रेसिपीच्या नावाची 'बीबी-अपेंड' फाइल ठेवा आणि शेजारी त्याच नावाचा एक उपफोल्डर. वर दाखवलेला तुकडा 'आरएस४८५ डॉट सीएफजी' नावाने त्या उपफोल्डरात जातो. अपेंड फाइलमध्ये दोनच ओळी लागतात. 'फाइल्स-एक्स्ट्रा-पाथ्स'च्या पुढे 'कोलन-प्रिपेंड' लावून तुमच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि 'एसआरसी-यूआरआय'ला 'कोलन-अपेंड' लावून त्या सीएफजी फाइलचं नाव जोडायचं.

या दोन ओळींत दोन बारीक चुका वारंवार होतात. पत्त्याच्या ओळीत शेवटी कोलन लागतो. विसरलात तर तुमचा पत्ता पुढच्या पत्त्याला चिकटतो आणि दोन्ही निकामी होतात. फाइलच्या ओळीत अवतरणचिन्ह उघडल्यावर आधी एक मोकळी जागा लागते, कारण अपेंड स्वतःहून जागा सोडत नाही. आणि इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत कोलनच्या जागी अंडरस्कोर दिसेल. ऑक्टोबर २०२१ च्या ३.४ आवृत्तीपासून, जिचं नाव हॉनिस्टर, ही पद्धत बदलली. जुना लेख जसाच्या तसा उतरवू नका.

तुकड्याबरोबर पॅचही जात असेल तर 'एससीसी' फाइल करा. तिच्यात एका ओळीत वर्णन, एका ओळीत 'केकॉन्फ हार्डवेअर' लिहून पुढे सीएफजीचं नाव, आणि 'पॅच' लिहून पुढे पॅचचं नाव. मग एसआरसी-यूआरआयमध्ये एससीसीचं नाव द्यायचं. याने ऑप्शन आणि त्याला लागणारा पॅच एका गाठोड्यात राहतात. एक घेतला आणि दुसरा राहिला असं होत नाही. नुसतं कॉन्फिग असेल तर एससीसीच्या फंदात पडायची गरज नाही.

एक अट मात्र आहे. हे तुकडे आपोआप जोडले जाणं हे 'कर्नल-यॉक्टो' नावाच्या क्लासचं काम आहे. चिप कंपनीने दिलेली रेसिपी हा क्लास घेत नसेल तर तुमची सीएफजी फाइल डाउनलोड होईल, फोल्डरात दिसेल, एरर काही येणार नाही आणि कॉन्फिगमध्ये एक अक्षरही उतरणार नाही. रेसिपी उघडा, 'इनहेरिट' या शब्दाच्या ओळी वाचा, ती ज्या फायली आत घेते त्याही वाचा. मगच पुढे जा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यातला आमचा इंटर्न शनिवारी संध्याकाळी थांबला होता. कर्नलच्या झाडातली डेफकॉन्फिग त्याने उचलून आमच्या लेअरमध्ये आणली होती, एक ओळही न बदलता. "ताई, फाइल तीच आहे, मी डिफ करून बघितली. मग कर्नल निम्मा कसा झाला? रूट फाइलसिस्टिमसुद्धा माउंट होत नाहीये." मी दोन्ही बिलं शेजारी शेजारी उघडायला सांगितली. नव्या बिलात ओळीच्या ओळी 'इज नॉट सेट' होत्या.

कारण यॉक्टोत डेफकॉन्फिग कुठून आली यावरून तिचा अर्थ बदलतो. कर्नलच्या झाडातली, म्हणजे 'केबिल्ड-डेफकॉन्फिग'ने निवडलेली फाइल असेल, तर तिच्यात न लिहिलेल्या ऑप्शनना कर्नलचं डिफॉल्ट मिळतं. तीच फाइल लेअरमधून आली तर न लिहिलेले ऑप्शन शक्य तितके 'नाही' धरले जातात. पहिल्या पद्धतीचं नाव ऑलडेफकॉन्फिग, दुसरीचं ऑलनोकॉन्फिग. वाण्याच्या भाषेत सांगायचं तर एक वाणी यादीत नसलेलं नेहमीचं सामान स्वतःहून भरतो, आणि दुसरा यादीत नाही ते देतच नाही. छाटलेली डेफकॉन्फिग पहिल्या वाण्यासाठी लिहिलेली असते. ती दुसऱ्याला दिली तर पोतं निम्मं येणारच.

उपाय एका ओळीचा आहे: रेसिपीत 'केकॉन्फिग-मोड' ला 'ऑलडेफकॉन्फिग' ही किंमत द्या. त्या संध्याकाळी तेवढंच केलं आणि बोर्ड बूट झाला. पण ती ओळ लिहायला हवी हे ज्याला माहीत नाही तो हार्डवेअरवर शंका घेत बसतो. जागा बदलताना फाइल उचलून ठेवण्याआधी, नव्या जागी ती कोण आणि कशी वाचणार हे विचारायचं, ते यासाठी.

पायरी ५: वेगळी रेपॉझिटरी, पण गरज पडली तरच

एकच कन्व्हर्टर तीन बोर्डांवर लागतो, तीन रेसिपी आहेत आणि तोच तुकडा तीन फोल्डरांत नकलून ठेवलाय, अशी वेळ आली की मेटाडेटा स्वतःच्या गिट रेपॉझिटरीत हलवा. कर्नलवर रोज काम करणारी माणसं असतील तर त्यांनाही हे सोयीचं पडतं, कारण बिटबेक (यॉक्टोचं बिल्ड करणारं साधन) न चालवताही ते तुकडे वापरता येतात. यॉक्टोचं स्वतःचं घर असंच मांडलेलं आहे. पूर्वी त्यांचा मेटाडेटा कर्नलच्याच रेपॉझिटरीत 'मेटा' नावाच्या वेगळ्या ब्रांचवर असायचा. आता तो 'यॉक्टो-कर्नल-कॅश' या स्वतंत्र रेपॉझिटरीत आहे आणि कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीची तिथे आपली ब्रांच आहे, जसं ६.६ साठी 'यॉक्टो-६.६'. ती एकदा ब्राउझरमध्ये उघडून फिरून बघा. बोर्डांचे तुकडे 'बीएसपी'त, सोयींचे 'फीचर्स'मध्ये, सुटे कॉन्फिग 'सीएफजी'त, कर्नलचे प्रकार 'केटाइप्स'मध्ये. आपली मांडणी अशीच ठेवली तर नव्या माणसाला घर लगेच कळतं.

रेसिपीत ही रेपॉझिटरी एसआरसी-यूआरआयमध्ये जोडताना 'टाइप=केमेटा' लिहावं लागतं, नाहीतर बिटबेक तिला साधा सोर्स समजतो. मग 'कर्नल-फीचर्स' या व्हेरिएबलमध्ये हव्या त्या एससीसीचं नाव दिलं की काम होतं.

याची किंमतही आहे. आता दोन रेपॉझिटरींची जोडी जुळवून ठेवावी लागते. मेटाडेटाची नेमकी कमिट रेसिपीत लिहा. 'ऑटोरेव्ह', म्हणजे दर वेळी सगळ्यात नवी घे, हे विकास करताना टेबलावर ठीक आहे. ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये ते राहिलं तर आजचा आणि पुढच्या महिन्याचा कर्नल एकाच रेसिपीतून वेगळा निघेल. एकच बोर्ड असलेल्या माणसाने हा संसार मांडू नये.

पायरी ६: बिल मालाबरोबर द्या

आता दुसरी फाइल, डॉट-कॉन्फिग. तिची पहिली जागा खुद्द कर्नलच्या पोटात. 'आयके-कॉन्फिग' हा ऑप्शन चालू केला की अख्खं कॉन्फिग दाबून कर्नलच्या इमेजमध्ये भरलं जातं. त्याच्याच खालचा 'आयके-कॉन्फिग-प्रॉक' चालू केला की चालत्या डब्यावर 'प्रॉक' फोल्डरात 'कॉन्फिग डॉट जीझी' नावाने ते वाचता येतं. डबा बूटच होत नसेल तरी हरकत नाही. कर्नलच्या सोर्सबरोबर 'एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग' ही स्क्रिप्ट येते, ती इमेज फाइलमधून कॉन्फिग बाहेर काढते. वाघोडियाच्या डब्यांमध्ये हा एक ऑप्शन चालू असता तर दोन दिवसांचं काम दोन मिनिटांचं होतं.

आमच्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचा हा धडा आहे असं मला वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. ग्रंथालयात कॅटलॉग वेगळ्या कपाटात असतो, पण पुस्तकाच्या आतही शिक्का आणि क्रमांक असतो. पुस्तक भलत्या रॅकमध्ये गेलं किंवा कुणाच्या घरी राहिलं तरी ते स्वतःच सांगतं, मी कुठलं. कर्नलनेही तेवढं सांगावं.

मेमरी फारच तुटपुंजी असेल तर आयके-कॉन्फिग मॉड्यूल म्हणून ठेवता येतो. 'कॉन्फिग्ज' नावाचं मॉड्यूल लोड केलं की तीच फाइल दिसते. पण मग इमेजमधून ते काढता येत नाही, मॉड्यूलची फाइल लागते. जागा असेल तर थेट कर्नलमध्येच ठेवा.

दुसरी जागा 'बूट' फोल्डर. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्या मशीनवर तिथे 'कॉन्फिग' आणि पुढे कर्नलची आवृत्ती अशा नावाची फाइल असते. तुमच्या लॅपटॉपवर आत्ता उघडून बघा. तिसरी जागा तुमच्या ऑफिसातला रिलीजचा साठा: इमेजच्या शेजारी पूर्ण डॉट-कॉन्फिग, कर्नलची आणि मेटाडेटाची कमिट, कंपायलरची आवृत्ती.

ही तिन्ही बिलं एकमेकांशी जुळतात हे कशावरून ओळखायचं? नावावरून. 'लोकलव्हर्जन' या ऑप्शनमध्ये तुमच्या उत्पादनाचं छोटं नाव घाला आणि 'लोकलव्हर्जन-ऑटो' चालू करा. मग 'यूनेम -आर'च्या उत्तरात गिट कमिटचे अंक येतात, आणि कमिट न केलेले बदल घेऊन बिल्ड केलं असेल तर शेवटी 'डर्टी' असा शब्द लागतो. आमच्याकडे नियम आहे: 'डर्टी' असलेला कर्नल गेटाबाहेर जात नाही.

पायरी ७: कॉन्फिगबरोबर काय जाऊ द्यायचं नाही

मॉड्यूलवर सही करायची खाजगी किल्ली, 'सर्ट्स' फोल्डरातली 'साइनिंग_की डॉट पेम', गिटमध्ये कधीही टाकू नका. कॉन्फिगमध्ये फक्त तिचा पत्ता असतो, तो चालेल. पत्त्यांवरही नजर टाका. 'इनिटरॅमएफएस-सोर्स'मध्ये एखाद्याच्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता राहून जातो. तो दुसऱ्या मशीनवर चालत नाही आणि आयके-कॉन्फिगमधून ग्राहकापर्यंत पोचतो. 'सीएमडीलाइन' ऑप्शनमध्ये चाचणीसाठी घातलेली वाक्यंही तशीच राहतात.

पायरी ८: यादीतलं खरंच आलं का, बघा

एखादा ऑप्शन मागितला म्हणजे मिळाला असं नसतं. एफटीडीआयचा, म्हणजे आमच्या कन्व्हर्टरचा, ड्रायव्हर मागितला पण त्याच्या वरचा यूएसबी-सिरियल बंद असेल तर ती ओळ गुपचूप गळते. मर्ज_कॉन्फिग वापरत असाल तर ती शेवटी सांगते की मागितलेली अमुक किंमत अंतिम कॉन्फिगमध्ये नाही. ही सूचना बिल्डच्या धबधब्यात वाहून जाते, म्हणून तिचं आउटपुट फाइलमध्ये पकडून वाचा. यॉक्टोमध्ये 'कर्नल_कॉन्फिगचेक' हे टास्क हेच काम करतं.

नवी आवृत्ती घेताना 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' आधी चालवू नका. ते सगळ्या नव्या प्रश्नांना परस्पर डिफॉल्ट उत्तर देऊन टाकतं. आधी 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' चालवा, नवे ऑप्शन वाचा, हवे ते यादीत घाला. मग ओल्डडेफकॉन्फिग. शेवटी जुनं बिल आणि नवं बिल 'डिफकॉन्फिग' स्क्रिप्टला द्या. ती फक्त बदललेले ऑप्शन, आधीची आणि आताची किंमत, असं सरळ दाखवते. हा कागद आम्ही प्रत्येक अपग्रेडच्या वेळी छापून चहाच्या वेळी दोघं मिळून वाचतो, एक जण मोठ्याने.

आणि जागा बरोबर निवडली का, याची परीक्षा अशी घ्या. ज्याने कधी हा प्रोजेक्ट बिल्ड केलेला नाही अशा माणसाला, ज्या मशीनवर तो कधी बिल्ड झालेला नाही अशा मशीनवर बसवा. त्याला फक्त रेपॉझिटरीचा पत्ता आणि रिलीजचा नंबर द्या. तुम्ही खुर्चीवरून उठून जा. बिल्ड झाल्यावर त्याचं डॉट-कॉन्फिग आणि रिलीजच्या साठ्यातलं डॉट-कॉन्फिग डिफकॉन्फिगला द्या.

आमच्याकडे पहिल्यांदा ही परीक्षा घेतली तेव्हा दोन ओळी निघाल्या. एक कंपायलरच्या आवृत्तीची होती: नव्या मशीनवरचं यॉक्टो एका अपडेटने पुढचं होतं, कारण लेअरच्या कमिट आम्ही कुठे लिहिलेल्या नव्हत्या. दुसरी लोकलव्हर्जनची, जी माझ्या मशीनवर एका सुट्या फाइलमधून येत होती आणि ती फाइल मी कधी कमिटच केली नव्हती. दोन्ही दुपारपर्यंत दुरुस्त केल्या, इंटर्नने बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात केली, आणि संध्याकाळी डिफकॉन्फिगने काहीच छापलं नाही.